कुत्री कोणाची

आमच्या आळीतल्या कुत्रीला परदेशातून मागणी आली, ही बातमी आमच्या गास गावात पसरायला संध्याकाळही व्हावी लागली नाही. मी फक्त बाबांना सांगितलं होतं. बाबा मोगऱ्याला पाणी देत होते आणि शेजारच्या काकू कुंपणापलीकडे वांगी तोडत होत्या. आमच्याकडचं कुंपण कोंबड्या अडवतं, बोलणं अडवत नाही.

"स्थळ आलं म्हनतात कुत्रीला," काकू हातातली वांगी पदरात घेऊनच आमच्या ओट्यावर आल्या. "मुलगा काय करतो?"

"मुलगा नाही हो काकू. एक बाई आहेत, वयस्कर. त्यांना अशीच कुत्री हवी आहे. मागचे पाय गेलेली."

"पाय गेलेली मुद्दाम हवी?" काकूंनी वांगी खाली ठेवली. "आनि आमचा पोरगा दोन पायांवर धडधाकट उभा आहे, त्याला कोन घेत नाय. कधीपासून व्हिसाची वाट बघतोय. तुझ्या त्या बाईला विचार, माझा चालेल का. खातोही कमी."

सगळे हसले. काकूंचा मुलगा त्यांच्या ओट्यावर मोबाईल घेऊन बसला होता, तोही हसला, पण मान वर न करता. त्याच देशात त्याला गोदामातलं काम मिळणार होतं आणि त्याचे कागद कुठेतरी अडकले होते.

कुत्री आमच्याच आळीत जन्मली. तिला एक नाव नव्हतं. काकूंच्या घरी तिला एका नावाने हाक मारत, आमच्याकडे दुसऱ्या, आणि ती दोन्हींना शेपटी हलवायची. सोपाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका टेम्पोने तिला उडवलं तेव्हा मी कॉलेजात होते. बाबांनी तिला फुलांच्या करंडीत घालून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, कण्याला मार लागलाय, मागचे पाय आता उठणार नाहीत. बाबांनी विचारलं, "दुखतंय का तिला?" डॉक्टर म्हणाले, मागे तिला काहीच कळत नाही. बाबांना ते दुखण्यापेक्षा वाईट वाटलं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

त्यानंतर आळीतल्या बायकांनी न ठरवता पाळ्या लावून घेतल्या. सकाळी आमच्याकडची भाकरी, दुपारी काकूंकडचा भात आणि माशाचं कालवण, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या घरातून दूध. कुणी लग्नाला गेलं तर शेजारणीला सांगून जायचं, "माझी दुपार तू सांभाळ." घरातल्या माणसांच्या जेवणाबद्दल आमच्यात एवढी चौकशी होत नसे.

पण ती पुढच्या दोन पायांवर शरीर ओढत चालायची. पूर्वी आळीत माती होती, तेव्हा एवढं झालं नसतं. आता ब्लॉक बसवले आहेत. ओढून ओढून तिच्या मांड्यांना जखमा झाल्या. बाबा रोज जखम धुवायचे, हळद नको म्हटल्यावर डॉक्टरांचं मलम लावायचे, जुन्या धोतराची पट्टी बांधायचे. दुपारपर्यंत पट्टी आळीच्या दुसऱ्या टोकाला सापडायची. प्लास्टिकच्या पाइपांची आणि खेळण्याच्या चाकांची एक गाडीही आम्ही तिला करून घेतली. ब्लॉकवर ती छान पळायची, पण वाडीत शिरली की चाकं पाटात अडकायची आणि ती तिथेच उभी राहून भुंकायची, कुणीतरी येऊन सोडवेपर्यंत. डॉक्टर स्पष्ट बोलले. जखम हाडापर्यंत गेली तर पुढे काही करता येणार नाही. हिला मऊ जमीन पाहिजे, रोजचे उपचार पाहिजेत, आणि दिवसभर लक्ष ठेवणारं माणूस पाहिजे.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे इंग्रजीतलं जे काही येतं ते माझ्याकडे येतं. बँकेचा मेसेज, औषधाची चिठ्ठी, टीव्हीचं गॅरंटी कार्ड. मला त्यातलं निम्मं कळत नाही, पण नाही म्हणायची लाज वाटते. म्हणून कुत्रीसाठी काय करता येईल हे शोधायचं कामही माझ्याकडेच आलं, आणि शोधता शोधता मला ताई भेटल्या.

ताई वसईत फ्लॅटमध्ये राहतात, मुंबईत ऑफिसात जातात आणि उरलेल्या वेळात सातिवलीच्या एका बंद पडलेल्या गाळ्यात जखमी कुत्री-मांजरं सांभाळतात. बाजूच्या गाळ्यात पत्रा कापतात, तो आवाज चालू असताना त्या ओरडून बोलतात आणि थांबल्यावरही ओरडूनच बोलतात. त्यांनी आमच्या कुत्रीचा गाडीसकट व्हिडिओ काढला आणि इंटरनेटवर टाकला. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "अगं, मिळालं घर! एकदम सॉलिड घर आहे. त्यांची आधीची कुत्रीपण चाकावरच होती. ती गेली, म्हणून घर रिकामं वाटतं म्हणाल्या. पण ऐक, पेपरवर्क खूप आहे. घाबरू नकोस."

मी घाबरले. पण ताईंनी समजावल्यावर कागद तसे सरळ वाटले. आधी कातडीखाली तांदळाएवढी चिप. चिपनंतरच रेबीजची लस, आधीची लस धरत नाहीत. मग थांबायचं, मग रक्त काढायचं आणि ते परदेशातल्या ठरलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, लस रक्तात उतरली आहे का बघायला. मग पुन्हा काही महिने थांबायचं. शेवटी आपल्याकडच्या सरकारी पशुवैद्यांचं ना हरकत पत्र.

मी हे सगळं बाबांना वाडीत सांगितलं. ते कळ्या खुडत होते. खुडताना ते बोलणं नीट ऐकतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

"म्हनजे रक्त आधी विमानाने जानार," ते म्हणाले, "आनि ती मागाहून."

"हो."

"आपल्यात कोनाचं रक्तसुद्धा गेलं नाय अजून." आणि ते स्वतःशीच हसले.

पण त्यांना नियम पटला होता. ते तरुण असताना निर्मळच्या त्यांच्या एका मित्राला कुत्रा चावला होता. त्याने जखमेत मिरची भरली आणि विसरून गेला. पुढे तो पाण्याचा तांब्या बघूनही थरथरायचा. बाबांनी ते पाहिलं होतं. ते एवढंच म्हणाले, "ज्यांच्याकडे हा आजार नाय, त्यांनी दार लावूनच बसलं पायजे. त्यांचं बरोबर आहे." मग पुन्हा कळ्या खुडायला लागले.

त्या थांबण्याच्या महिन्यांत आम्ही तिला पिंजऱ्याची सवय लावली. विमानात तिला पिंजऱ्यातच राहावं लागणार होतं आणि ताई म्हणाल्या, सवय नसेल तर ती घाबरून मरेल. ताईंनी गाळ्यातला एक मोठा प्लास्टिकचा पिंजरा दिला, लोखंडी जाळीच्या दाराचा. पहिले काही दिवस ती त्याच्याकडे पाठ करून बसायची. बाबा तिच्याशी वाद घालत नसत. ते भाकरी पिंजऱ्याच्या तोंडाशी ठेवत, दुसऱ्या दिवशी थोडी आत, मग आणखी आत. काकू दुपारी भात घेऊन आल्या की त्याही वाकून आत ठेवायच्या आणि म्हणायच्या, "जा बाई, तुझ्या फर्स्ट क्लासमधे जा." हळूहळू ती आपण होऊन आत जायला लागली. आत गेली की वळून तोंड दाराकडे करायची आणि बसायची. मग आम्ही पिंजरा उचलून आळीत फिरवायचो, स्कूटरवर ठेवायचो, एकदा रिक्षात घालून निर्मळपर्यंत नेऊन आणलं. परत आल्यावर बाबा तिला गूळ-भाकरी द्यायचे. पिंजऱ्यात गेलं की फिरायला मिळतं आणि शेवटी गोड मिळतं, हे तिला पक्कं समजलं.

त्या बाईंचे व्हिडिओ कॉल येत. त्या हळू बोलायच्या, माझ्यासाठीच असावं. त्यांनी घर दाखवलं. सगळीकडे गालिचे, जिन्याला लावलेली उतरती फळी, कोपऱ्यात गादी. जवळच कुत्र्यांना पोहायला शिकवायचा तलाव होता, तोही दाखवला. बाबा म्हणाले, "सांग त्यांना, आमच्याकडे पन बावखल आहे." वाडीतल्या त्या छोट्या तळ्यात बाबा तिला पोटाखाली हात धरून पोहवायचे, पाण्यात तिचे मागचे पाय हलल्यासारखे दिसायचे म्हणून. मी बाईंना सांगायचा प्रयत्न केला, पण बावखल म्हणजे काय ते मला इंग्रजीत सांगता आलं नाही. त्या फक्त "लव्हली" म्हणाल्या. खरं तर बावखलाचं पाणी जखमेला चांगलं नव्हतं, आणि उन्हाळ्यात त्यात चिखलच उरतो. आम्ही तेही सांगितलं नाही.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. काकूंनी घावन केले. "मुलीकडचे पास झाले," त्या म्हणाल्या, "आता मुलाकडच्यांनी रुसू नये."

त्यानंतर काही आठवड्यांनी ताईंचा फोन आला. त्या ओरडत नव्हत्या, त्यावरूनच मी ओळखलं.

त्या देशाने नियम बदलला होता. रेबीज असलेल्या आपल्यासारख्या देशांतून दत्तक देण्यासाठी येणारी कुत्री त्यांनी बंद केली होती. चिप असो, लस असो, रिपोर्ट असो. दत्तक जाणारं कुत्रं म्हणजे त्यांच्या लेखी व्यापाराचा माल. फक्त माणसाची स्वतःची पाळलेली कुत्री, ती मालकासोबत आली तरच, आत येऊ शकत होती.

"पण आपण तर पैसे घेत नाही," मी म्हणाले.

"माहितीये गं. त्यांना तसं नाही वाटत. पेपरवर जे आहे ते आहे."

मी त्या देशाच्या सरकारी खात्याला एक मेल लिहिला. आयुष्यातला माझा पहिला मोठा इंग्रजी मेल. कॉलेजच्या लायब्ररीत बसून दोनदा लिहिला, पुन्हा खोडला. तिच्या जखमांचं लिहिलं, पाळ्यांचं लिहिलं, बाईंच्या गादीचं लिहिलं. उत्तर लगेच आलं. इतकं लगेच, की ते कुणी माणसाने वाचलं नसणार हे मलाही कळलं. त्यात तोच नियम पुन्हा छापला होता. बाईंनीही तिथून लिहिलं. त्यांनाही तेच उत्तर आलं. दुसऱ्या देशात कुणी मिळतं का हे ताई बघत राहिल्या. पाय गेलेल्या कुत्रीला मागणी रोज येत नाही.

आणि मग काकूंच्या मुलाचा व्हिसा आला.

आळीत पेढे वाटले. तो संध्याकाळी आमच्या ओट्यावर आला, पिंजऱ्याशेजारी उकिडवा बसला आणि तिच्या कानामागे खाजवत म्हणाला, "मी नेतो हिला. माझी म्हणून नेतो. तिकडे उतरल्यावर त्या बाई येतील घ्यायला."

तो काही अगदीच खोटं बोलत नव्हता. शाळेत असताना तो दप्तरातून तिच्यासाठी बिस्कीट आणायचा. अपघातानंतरची पहिली रात्र तोच तिच्याजवळ बसला होता. मी मनाशी म्हणाले, ती त्याचीही आहेच की. ताईंनाही ते जमण्यासारखं वाटलं. चिपच्या नोंदीवर, लसीच्या कागदावर मालक म्हणून त्याचं नाव चढलं. बाईंनी विमानतळावर किती वाजता यायचं ते विचारलं. बाबा यातलं एवढंच जाणत होते की पोरगा जाणार आहे आणि तिला सोबत नेणार आहे. मालक कोण लिहिलंय, का लिहिलंय, हे त्यांच्याशी कुणी बोललं नाही. मी, ताई आणि तो, आम्ही तिघं त्याबद्दल बोलायचो तेव्हाही "तसं" म्हणायचो. "तसं सांगायचं." "तसंच करू." 'खोटं' हा शब्द कुणी उच्चारला नाही, म्हणून तो बाबांपर्यंत पोचलाही नाही.

ना हरकत पत्रासाठी कुत्रीला घेऊन मुंबईतल्या ऑफिसात जायचं होतं. एका ओळखीच्यांची इको गाडी ठरवली. मुलगा पुढे बसला, मागे पिंजरा, मी आणि बाबा. बाबा आले, कारण अनोळखी माणसाने हात लावला की ती थरथरते आणि बाबांचा हात पाठीवर असला की शांत राहते. ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

तिथले पशुवैद्य साहेब चांगले होते. हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं. त्यांनी तिला टेबलावर नाही, जमिनीवरच चादर टाकून तपासलं. चिप वाचायचं यंत्र मानेवरून फिरवलं, नंबर जुळला. जखमा बघितल्या आणि पट्टी कुणी बांधली म्हणून विचारलं.

"मीच," बाबा म्हणाले.

"चांगली बांधलीय काका. किती वर्षांची आहे?"

"पाचेक असेल."

"आणि ही कुणाची? तुमची का?" साहेबांनी सहज विचारलं. ते तेव्हा हात पुसत होते.

"माझी एकट्याची कुठली साहेब," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. घरच्या कुणाचं कौतुक सांगताना होतो तसा. "आमच्या आळीची आहे. सगळ्यांची. सकाळची भाकरी आमची, दुपारचा भात याच्या आईचा, संध्याकाळी दूध कोपऱ्यावरून. तिचा एक दिवस उपाशी गेला नाय. आता तिकडे एक बाई आहे, फार माया आहे त्या बाईला, ती घेनार आहे. हा पोरगा चाललाच आहे तर पोचवनार."

मी बाबांच्या सदऱ्याची बाही धरली. मला वाटतं मी ती ओढलीही नाही, फक्त धरली.

साहेबांनी टॉवेल खुर्चीवर टाकला. मुलाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मालक हे आहेत ना?" त्यांनी विचारलं. "कागदावर यांचं नाव आहे."

मुलगा जमिनीकडे बघत होता. मीही. कुत्री तेवढी साहेबांकडे बघत होती आणि शेपटी हलत नाही म्हणून तिचे खांदेच हलत होते.

"बस," साहेब मुलाला म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. "तू सही करणार, त्याखाली मी सही करणार. तिकडे उतरल्यावर तुला विचारतील, कुत्री तुझ्याकडेच राहणार का. ती बाई बाहेर उभी असेल. तुझी नवी नोकरी, नवा व्हिसा. पहिल्याच दारात खोटं सापडलं तर तुझं काय होईल, मला माहीत नाही. हिला मात्र पुढच्या विमानाने परत पाठवतील, या जखमांसकट. मी आता ऐकलं ते ऐकलं. मला नाही करता येणार."

"साहेब, पन ती आजारी नाय," बाबा म्हणाले. "तिचं रक्त पास झालंय."

"माहीत आहे काका."

"मग?"

साहेबांनी एका मलमाचं नाव लिहून दिलं, आधीच्यापेक्षा बरं म्हणून, आणि पिंजरा उचलायला स्वतः हात लावला.

परत येताना वसईचा फाटा ओलांडल्यावर बाबांनी विचारलं, "मी काय चुकीचं बोललो का?"

"नाही, बाबा," मी म्हणाले.

"तसं असेल तर सांगा. मी पुन्हा जाऊन सांगतो त्यांना. ही याचीच आहे म्हनून सांगतो."

मुलगा पुढच्या सीटवरून मागे वळला. "राहू दे काका," तो म्हणाला. "बरोबर बोललात तुम्ही." त्याचे डोळे लाल होते. घरी आल्यावर काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याही म्हणाल्या, "बरं झालं बोललात भाऊजी. पोराचं काही झालं असतं तर?" आणि मग पदराने तोंड पुसून दुपारचा राहिलेला भात घेऊन पिंजऱ्याकडे गेल्या. बाबांना कुणाचंच पटलं नाही. ते त्या दिवसानंतर अनोळखी माणसांशी कमी बोलतात.

ताई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाईंना मी लिहिलं, आणि त्यांनी लिहिलं की त्या समजू शकतात. पुढे त्यांनी त्यांच्याच देशातली एक म्हातारी कुत्री घेतली. फोटो पाठवला. तीच गादी. कुत्री तिच्यावर छान पसरून झोपली होती. मी फोटो बाबांना दाखवला नाही, मग दाखवला. ते म्हणाले, "बरं झालं. गादी रिकामी राहिली नाय."

मुलगा गेला तो दिवस. आळीच्या तोंडाशी गाडी आली, बॅगा बाहेर आल्या. बायका ओट्यांवर उभ्या होत्या, काकू त्याच्या खिशात देवाचा अंगारा कोंबत होत्या. कुत्री आमच्या ओट्यावर पट्टी बांधून पडली होती. बॅगा दिसल्यावर तिने मान उचलली. गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज झाला, तशी ती पुढच्या पायांवर उठली. मला वाटलं, त्याला भेटायला निघाली. ती त्याच्याकडे गेलीच नाही. शरीर ओढत, नव्या पट्टीसकट, ती ओट्याच्या कोपऱ्यात गेली, पिंजऱ्यात शिरली, आत जाऊन वळली आणि दाराकडे तोंड करून बसली. आम्ही शिकवलं होतं तसं.

सगळ्या बघत होत्या. मुलगा दोन पावलं आमच्याकडे आला आणि थांबला, मग गाडीत जाऊन बसला.

गाडी गेली. ती बसूनच राहिली. बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले, "ये," म्हणाले, "चल बाहेर." ती आली नाही. त्यांनी हात आत घातला, तिच्या डोक्यावर ठेवला, पण ओढलं नाही. थोड्या वेळाने ते आत येऊन मला म्हणाले, "गूळ आहे का बघ."

मी गूळ आणि भाकरी दिली. फिरून आल्यावर द्यायची असते ती. बाबांनी ती पिंजऱ्याच्या तोंडाशी ठेवली, थोडी बाहेरच्या बाजूला. तिने तिच्याकडे बघितलं, मग आळीच्या तोंडाकडे बघितलं. भाकरी तशीच राहिली.

अजूनही आळीत कुठली गाडी थांबली की ती आत जाऊन बसते. जखमेला तिचं ओढत जाणं वाईटच, म्हणून पिंजरा काढून टाकावा असं मी एकदा म्हणाले. बाबा म्हणाले, "मग ती जाईल कुठे?" आता त्यांनी पिंजऱ्यात जुनी गोधडी अंथरली आहे आणि तो ओट्यावर तिच्या अगदी जवळ सरकवून ठेवला आहे, म्हणजे तिला फार ओढत जावं लागू नये.